जिन्याखालची घोंगडी

त्या पिसवा मांजरानं आणल्या नाहीत, तुम्ही पोसल्यात. तुम्ही म्हणजे नेमके कोण हे मला माहीत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून विचारतेय, कुणी सांगत नाही. सासूला विचारलं तर म्हणते, चालत आलंय. सासऱ्याला विचारायची सोय नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, आईला विचार. देवघरातले देव हळदीकुंकवानं नाकडोळे बुजलेले, ते काय बोलणार. म्हणजे नियम घरात राहतो आणि नियम करणारा कुठं राहतो याचा पत्ता नाही. तर जे कोणी असाल, बाई असाल नाहीतर बाप्या, जिवंत असाल नाहीतर मेलेले, तुम्हालाच सांगते. आमच्या घरात पिसवा झाल्या त्या तुमच्यामुळं, आणि शिक्षा ठरली मुक्या जनावराला. भुरीला पोत्यात घालून लांब सोडून यायचं ठरलं तेव्हा तुमचं नाव कुणी घेतलं नाही. मी घेणार आहे.

सुरुवात मोहरीच्या दाण्याएवढी होती. श्रावणातला सोमवार, नाशकातला गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा फुलबाजार. आमचा मखमलाबादच्या अंगाला मळा आहे, म्हणजे अर्ध्याचे प्लॉट पडले आणि अर्ध्यात अजून शेवंती, निशिगंध, झेंडू. फुलं देवाला जातात. आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट या एका वाक्यापाशी येऊन थांबते. मोठ्यानं हसू नको, फुलं देवाला जातात. चप्पल घालून वाफ्यात जाऊ नको, फुलं देवाला जातात. त्या सकाळी माझी सासू चतुराबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, ओल्या गोणपाटावर हार मांडून बसल्या होत्या आणि मी शेजारी बसून गुंता सोडवून देत होते. एका गिऱ्हाइकानं निशिगंधाचा हार उचलला. पांढऱ्यावर एक काळा ठिपका होता, तुळशीचं बी पडावं तसा. मी बोट पुढं केलं आणि ठिपका तिथं नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या सदऱ्याच्या बाहीवर होता. मग तिथंही नव्हता.

"मावशी, हारात किडा हाय का काय तुमच्या?"

"फुलातला असंल दादा. किडा बसतो म्हंजे फूल ताजं. प्लॅस्टिकच्या फुलावर बसतो का कधी?"

तो हसला आणि हार घेऊन घाट उतरून गेला. आत्याबाई हसत हसतच माझ्याकडं वळल्या, पण वळेपर्यंत हसू संपलेलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही, पायांकडं पाहिलं. घोट्यापासून वर लाल गांधी उठल्या होत्या. मी आदल्याच दिवशी न्हाऊन उठले होते, केसांना अजून शिकेकाईचा वास होता. बाजार चालूच होता, कुणी गुलाबाच्या पाकळ्या मापानं देत होतं, कुणी बेलावर पाणी मारत होतं, आणि मला भर बाजारात लुगडं सुटल्यासारखं झालं. हारातून उडाली ती पिसू नव्हतीच. जिन्याखालचे माझे चार दिवस उडाले होते आणि कुणाच्या तरी बाहीवर बसून देवळात चालले होते. खरं सांगते, लाज वाटली तशी आतून कुठंतरी थोडी गंमतही वाटली. त्या चार दिवसांत मला जिथं पाऊल टाकायची बंदी, तिथं माझं रक्त पोटात घेऊन एवढासा जीव उडी मारून गेला.

दुपारी घरी भाजी निवडताना पोटरीवर चावलं. मी बोट ओलं करून टेकवलं, ती चिकटली, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून दाबली. टक्क असा आवाज होतो. नखावर रक्ताचा ठिपका राहिला. मी तो पुसायचा सोडून बघत बसले. कुणाचं असेल? माझं असेल. सकाळी पलंगावर झोपलेल्या नवऱ्याचं असेल. नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं असेल, ते दुपारी खाटेवर पाय हलवत पडतात. आत्याबाईंचं असेल, नाहीतर भुरीचं. आम्ही पाच जीव एका पंगतीत कधी जेवलो नाही. बायका मागून, मी सगळ्यांत मागून, आणि ते चार दिवस तर वेगळ्या ताटात. पिसवेच्या पोटात मात्र सगळं घर एका ठिकाणी आलं होतं, आणि तिथं सोवळं ओवळं करायला कुणी बसलं नव्हतं.

घर तसं नवं आहे. प्लॉट पडले तेव्हा नानांनी जुनं कौलारू पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. मोझॅकची फरशी, जाळीचे दरवाजे, स्वयंपाकाला उभा ओटा, वर आमची खोली आणि गच्ची, टीव्हीला केबल. गवंड्यानं विचारलं होतं म्हणे, जिन्याखाली कपाट काढू की पाण्याची टाकी बसवू? आत्याबाई म्हणाल्या, मोकळं ठेव. सगळ्या घराचा नकाशा इंजिनियरनं काढला, तेवढा कोपरा तुम्ही काढलात. तिथं उभं राहिलं की डोकं आपटतं, पाय पसरले की मोरीच्या उंबऱ्याला लागतात. वीतभर झरोका आहे, त्यातून अंगणातले फुलांचे ढीग दिसतात, माणसं कमरेपासून खाली दिसतात. एक ॲल्युमिनियमचं ताट, एक तांब्या आणि घोंगडी. घोंगडी काळी, जाड, आत्याबाईंच्या सासूच्या वेळची. अंगावरचं लुगडं चौथ्या दिवशी धुवायचं, परकर धुवायचा. घोंगडी धुवायची नाही, कारण लोकरीला विटाळ लागत नाही. आणि घोंगडीला घरात कुणी हात लावायचा नाही, कारण तिच्यावर बाहेरची बाई बसते. आता लोकरीला विटाळ लागत नाही तर हात का लावायचा नाही, आणि हात लावण्याजोगी नाही तर धुवायची का नाही? ही दोन्ही वाक्यं मी एकाच तोंडातून एकाच दिवशी ऐकली. तेव्हा मी हसले होते. नवी होते, हसायची सवय होती.

कळवणकडं माझ्या माहेरी हे नव्हतं. आम्ही सुधारलेलो होतो म्हणून नव्हे. एकच खोली होती, तिच्यात चूल, तिच्यात शेळी, तिच्यातच आम्ही. मोठी झाल्यावर एकदा आईला विचारलं, बाकीच्या बाया बाहेर बसतात, आपण का नाही बसत? ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आपलाकडे बाहेर बसाले बाहेर कोठे शे, पोरी?" विटाळ पाळायला खोल्या लागतात, अंगण लागतं, दुसऱ्यानं रांधलेलं वाढणारं कुणी लागतं. माझं लग्न ठरलं तेव्हा गल्ली म्हणाली, पोरीनं नशीब काढलं, नाशकात स्लॅबच्या घरात पडली. पहिल्या महिन्यात आत्याबाईंनी बोटानं जिन्याखाली दाखवलं आणि मला वाटलं काहीतरी आणायला सांगतायत. मी विचारलं, काय आणू? त्या म्हणाल्या, "आणायचं काय न्हाय. बसायचं."

त्या चार दिवसांत मला कुणी शिवत नाही. चहा वरून ओततात. आत्याबाई पदर आवळून वळसा घालून जातात. नवरा सोमनाथ कंपनीत जाताना जिना उतरतो तेव्हा त्याच्या बुटांचा आवाज माझ्या डोक्यावरून जातो, आणि अंगणात गेला की झरोक्यातून त्याचे गुडघे दिसतात, गुडघ्यांना काय बोलायचं? भुरी येते. शेपूट उभी करून येते, पोटावर चढते, पंजांनी लुगडं मळते आणि जिथं कळा येत असतात नेमकी तिथंच मुटकुळं करून घुरघुरत पडते. तिची ऊब आतपर्यंत जाते. नंतर उठते ती सरळ देवघरात, आत्याबाईंच्या मांडीला अंग घासते, नानांच्या ताटाशी बसते. नाना तिला चतकोर टाकतात. तिला कुणी हाड म्हणत नाही. लोकरीला विटाळ नाही, मांजराला विटाळ नाही. सगळ्या घरात तो फक्त माझ्या वाट्याला. फुलं तोडायला येणारी रंगूबाई झरोक्यातून वाकून म्हणायची, "ह्या महिन्याला बी बसलीस का गं? ती मांजरी तीनदा व्याली तुझ्या मांडीवर. तू नुस्ती पायगुण दे तिला." आत्याबाई आतून म्हणायच्या, "जाऊ दे रंगू, देईल देव." त्यांच्या आवाजात माया असायची, तीच जास्त लागायची.

बाजारातल्या त्या सोमवारनंतर घरावर मोहीम निघाली. आधी कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला. सगळ्यांचे डोळे सुजले, पिसवांना काही झालं नाही. मग फरशीवर मीठ टाकलं. मग सोमनाथनं सुट्टीच्या दिवशी तोंडाला रुमाल बांधला आणि फुलांवर मारायचं औषध पंपात कालवून पंप पाठीला लावला. गाद्या गच्चीवर गेल्या, टीव्ही चादरीत बांधला, धान्याच्या कोठ्या अंगणात आल्या, देव पाटावर बसून तुळशीपाशी गेले. नाना खाटेवरून हुकूम सोडत होते, पलंगाच्या सांध्यात मार, दाराच्या फटीत मार. मी भुरीला पदरात घेऊन शेवंतीत बसले, उवांच्या फणीनं तिचा एकेक केस विंचरला आणि निघेल ती पिसू साबणाच्या पाण्यात बुडवली. तिच्या अंगावर होत्या, मी नाही म्हणत नाही. पण माझ्याही अंगावर होत्या. मागं वळून पाहिलं तर सोमनाथ जिन्यापाशी नळी धरून उभा होता.

"आई, इथं?"

"तिथं नको. त्योच पंप उद्या देवाच्या फुलांवर जातो."

"मग घोंगडी तरी मी बाहेर काढते," मी शेवंतीतून ओरडले.

"आज हात लावलास तर पुन्हा न्हावं लागंल. आन सैपाक कोन करणार, रंगूबाई?"

रंगूबाई म्हणाली, "करते की. खाल का माझ्या हातचं?" सगळे हसले. नळी वळली आणि सोमनाथ जिना सोडून स्वयंपाकघरात गेला. मी तो वळताना पाहिला. सगळ्या घराला औषध लागलं आणि जिथं त्या राहत होत्या तेवढीच जागा सोवळ्यानं वाचली.

काही दिवस औषधाचा वास राहिला, तोंडाला कडू चव राहिली, चावायचं थांबलं. आत्याबाईंनी सत्यनारायण बोलला. पुढच्या महिन्यात मी जिन्याखाली गेले, घोंगडीवर बसले आणि बसल्या बसल्या पाय पेटल्यासारखे झाले. पावसाचं मळभ निघून ऊन पडलं होतं. दुपारी झरोक्यातून उन्हाचा एक चौकोन आत येतो आणि घोंगडीवरून हळूहळू सरकतो. दुसरं बघायला काही नसतं म्हणून मी तो बघते. त्या दिवशी चौकोनात काहीतरी हललं. पांढुरके, केसाच्या तुकड्याएवढे किडे उजेड टाळून लोकरीत आत शिरत होते. मी घडी उलगडली. आत मिठासारखे कण होते आणि काळी भुकटी, फटाक्यातल्या बारीक दारूसारखी. बोट ओलं करून भुकटी चोळली, बोट लाल झालं. म्हणजे पिसवा रक्त पीत होत्या, उरलेलं टाकत होत्या आणि त्यावर त्यांची पोरं वाढत होती. ओल, ऊब, अंधार, आणि कधी कुणी झटकत नाही. मला किळस यायला हवी होती. ती आली, पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. हे फक्त मलाच दिसू शकत होतं. सगळं घर उलथंपालथं केलं तरी सोमनाथला दिसलं नसतं, नानांना दिसलं नसतं, कारण त्यांना इथं बसावं लागत नाही. आत्याबाईंची सासू इथं बसली असेल, त्या बसल्या, मी बसले. आमच्या तिघींचं अंग या एका कापडावर झिजलं आणि त्यात आता पिसवांचं गाव वसलं होतं.

संध्याकाळी सोमनाथचे बूट जिन्यावर आले तेव्हा मी खालून म्हटलं, "अहो, पिसवा घोंगडीत आहेत."

बूट थांबले. "तू डॉक्टर झालीस का?"

"या, बघा वाकून. शिवू नका, नुसतं बघा."

"आईला सांग," तो म्हणाला आणि वर गेला. तो वाईट माणूस नाही. मला साडी आणतो तेव्हा रंग बघून आणतो. पण जिन्याखाली वाकून बघणं म्हणजे काय ते त्यालाही कळत होतं. एकदा पाहिलं की पाहिलं नाही म्हणता येत नाही.

आत्याबाईंना सांगितलं तर त्यांचा चेहराच बदलला. "म्हंजे माझ्या घोंगडीत? मी उभा जलम बसले तिच्यावर. माझ्या सासूनं दिली ती मला. तवा नव्हत्या पिसवा, तुझ्याच वक्ताला कशा झाल्या?" मी चौथा दिवस उजाडायची वाट पाहिली. न्हाऊन उठल्यावर घोंगडी ओढत अंगणात नेली आणि दोरीवर टाकली. वारा होता. पलीकडं गोणपाटावर तोडलेली शेवंती पसरली होती. नाना मळ्यातून आले, दोरीकडं पाहिलं, फुलांकडं पाहिलं. माझ्याशी ते बोलत नाहीत. हवेला उद्देशून म्हणाले, "बाहेरच्या अंथरुणावरून वारा आला. आता ही कुठल्या देवाला घालायची?" आणि सगळी शेवंती टोपलीनं उचलून बांधावर ओतली. कुणाच्या तरी शेळ्या येऊन ती खायला लागल्या. पिवळ्या पाकळ्या त्यांच्या ओठांना चिकटलेल्या मला अजून डोळ्यांपुढं दिसतात. घोंगडी पुन्हा जिन्याखाली गेली, मीच नेली. त्या दिवशी मला कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे अतिशय जपून, अतिशय चांगलं वागले, माणूस आजारी असल्यासारखं.

मग नवरात्राच्या तोंडावर आत्याबाई देवघरात वात लावत असताना त्यांना मानेवर चावलं. त्यांनी चापट मारली आणि हात तसाच देवांपुढं धरला. बोटावर रक्त होतं. "बास," त्या म्हणाल्या, "घट बसायच्या आत मांजर घराबाहेर." झेंडूचा टेम्पो मालेगावला जायचा, त्यात पोतं टाकायचं आणि गिरणा नदीपलीकडं सोडायचं. पाणी ओलांडलं की मांजराला वाट सापडत नाही. भुरीला काय कळलं कोण जाणे, ती दोन दिवस दिसेचना. घट बसले, माळ चढली, आणि ऐन त्यात मी बाहेरची झाले. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. मी जिन्याखाली जाऊन बसले आणि घटकाभरात भुरी कुठूनशी आली, माझ्या मांडीत शिरली, तोंड माझ्या काखेत खुपसून पडली.

सोमनाथ पोतं घेऊन आला. पोत्याला झेंडूचा उग्र वास होता. बाहेर टेम्पो उभा, आत्याबाई सोमनाथच्या मागं, त्यांच्या मागं रंगूबाई.

"सोड तिला," सोमनाथ म्हणाला.

"धरलीय कुठं मी? बसलीय ती. घ्या."

त्यानं हात पुढं केला. माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. त्यावरचे केस उभे राहिलेले मला दिसत होते. चार वर्षं मी त्या हाताशेजारी झोपले, इतक्या जवळून तो कधी पाहिला नव्हता.

"अरे शिवशील!" आत्याबाई ओरडल्या. "घट बसल्यात घरात!"

"केरसुणीनं हुसका की," रंगूबाई म्हणाली.

"केरसुणी लक्ष्मी असती, ती बाहेरच्या बाईला लावतीस? जीभ झडंल तुझी."

"मग बांबू आना."

"आन तिला लागला म्हंजे?"

बशीत दूध आणून ठेवलं. भुरीनं मान वळवून दुधाकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं पाहिलं आणि डोळे मिटले. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. सोमनाथ पोतं हातात धरून उभा, आणि मला एकदम दिसलं की यातल्या कुणालाच माझ्यापर्यंत येता येत नाही. तुम्ही मला आत ठेवायला जी भिंत बांधलीत तिला बाहेरची बाजूही होती. तुमचा नियम पहिल्यांदा माझ्या कामाला आला. टेम्पो निघून गेला.

चौथ्या दिवशी रंगूबाईनं मोरीत पाणी ठेवलं. मी उठले नाही. "अगं ऊठ की, दसरा आला. झेंडूचा डोंगर पडलाय अंगणात, हार कोन करणार?"

"मी अजून बाहेरच आहे."

"असं कसं?"

"येऊन बघतेस का?"

ती दोन पावलं मागं सरली. बाई शुद्ध झाली की नाही हे शेवटी बाईच सांगते, दुसऱ्या कुणाला ते कळायचा उपाय नाही. एवढा मोठा तुमचा कायदा आणि तो माझ्या एका शब्दावर उभा. मी तो शब्द दिला नाही. पुढच्या दिवशीही दिला नाही. यात मजा होती असं समजू नका. अंगभर गांधी, खाजवून खाजवून त्यांना पाणी सुटलेलं. भुरीला घट्ट धरून बसले तर ती नखं मारायची, तिला फिरायचं असायचं, आणि मी तिला वाचवतेय की कोंडतेय तेच मला कळेनासं झालं. पलीकडं आत्याबाईंचे पाय घरभर फरफटत होते, त्यांच्या गुडघ्यांत काही राहिलेलं नाही. कुकर वाजायचा, भांडं पडायचं, त्या 'आई गं' म्हणायच्या आणि माझे हात आपोआप उठायला टेकायचे. सोमनाथ डबा न घेता कामावर जात होता. मला भीतीही वाटत होती. मांजराला पोतं मिळतं, सुनेला काय मिळतं? पाणी ओलांडलं की वाट सापडत नाही हे मलाही लागू होतं. मी नद्या ओलांडूनच इथं आले, आणि माहेरच्या त्या एका खोलीत आता भावाची बायको होती.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी आत्याबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्यांना दिसत नव्हतं. मध्ये पायरीचं सिमेंट. बराच वेळ त्या पाय चोळत होत्या.

"लय चावत्यात का?"

"हो."

"मला बी चावायच्या."

"जुन्या घरात गोठ्याशेजारी बसायचे. तवा बी होत्या. मी खोटं बोलले तुला."

"तेव्हा मांजर होतं घरात?"

"कुठलं. नानास्नी मांजर आवडायचं न्हाय. ही भुरी लय मागाहून आली."

"मग तेव्हा सांगितलं का नाही कुणाला?"

"कुनाला सांगनार? सासूला? ती बी त्याच घोंगडीवं बसली हुती." मग त्यांचा आवाज नेहमीचा झाला. "मांजर ऱ्हाऊ दे. न्हाय सोडत कुठं. ऊठ आता, न्हाऊन घे."

मला उठावंसं वाटलं. इतकं वाटलं की भुरी मांडीवरून खाली उतरली. पण घोंगडी गुंडाळून पुन्हा तिथंच राहणार, पिसवा पुन्हा निघणार, आणि मग पुन्हा कुणाच्या तरी मानेवर चावणार आणि पुन्हा पोतं निघणार. दसऱ्यापुरता दिलेला शब्द दसऱ्यानंतर कुणाला आठवतो?

"घोंगडी उकळायची," मी म्हटलं.

"लोकर उकळत न्हाईत."

"मग जाळा."

"सासूची हाय ती." त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "उकळ. मागच्या पिंपात उकळ, तुझी तू. नानास्नी मी बघते."

तर अशी मी उठले. न न्हाता उठले, घोंगडी खांद्यावर टाकून अंगणातून गेले. मागच्या बाजूला तीन दगडांवर पत्र्याचं पिंप ठेवलं, खाली कपाशीच्या वाळक्या पळाट्या पेटवल्या. पाणी खदखदायला लागलं तशी घोंगडी बांबूनं आत दाबली. कुबट वास सुटला, वर काळा फेस आला, फेसात ते पांढरे किडे तरंगत होते. तीनदा पाणी बदललं. मग बांबूनं तिला उचलून दगडावर आणलं, आणि तिथं अडलं.

ओली घोंगडी किती जड असते हे तुम्हाला ठाऊक नसणार. एकट्या बाईला ती पिळता येत नाही. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, एकानं उजवीकडं वळवायचं आणि एकानं डावीकडं, तेव्हा पाणी निघतं. न पिळता वाळत टाकली तर आतून ओलीच राहते, आणि ओलीत त्या पुन्हा होतात. माझ्या हातात एक टोक आहे. पाणी माझ्या पायांवरून वाहतंय, वाफेनं तोंड भाजतंय. दुसरं टोक मातीत लोळतंय. समोर तिघंही आले आहेत. नाना झेंडूच्या ढिगापाशी, सोमनाथ जाळीच्या दारात, आत्याबाई दोन पावलं पुढं. लोकरीला विटाळ लागत नाही असं मीच मघाशी मोठ्यानं म्हटलं, तुमचंच वाक्य आहे, ते कुणी खोडलं नाही. आत्याबाई वाकल्या, त्यांचा हात टोकापर्यंत गेला, आणि मग त्यांनी मान वर करून सोमनाथकडं पाहिलं. सोमनाथनं नानांकडं पाहिलं. नानांनी देवघराच्या दिशेनं पाहिलं. तिथून पुढं बघायला कुणी नाही, तिथं तुम्हीच असणार. माझे हात भरून आले आहेत, पण मी हे टोक सोडणार नाही, आणि एकटी पिळणारही नाही. तोंड उघडा. हिचं दुसरं टोक कोण धरणार?